वाय-फायचा दुभाष्या

मुलांनो, समजा, तुम्ही दामिनीशेजारी स्टूल ओढून बसला आहात. इतवारीच्या बाजारातली माडीवरची खोली. खाली भांड्यांचे दुकान, बोळात अडकलेला टेम्पो आणि त्याचा न थांबणारा हॉर्न. समोर जुना संगणक. पडद्याच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण दिसायला हवी. तिथे काहीच नाही. दामिनीने ड्रायव्हर पुन्हा बसवला, संगणक बंद करून चालू केला, आणि कोपऱ्यात बघितले. काहीच नाही.

"असं काहून करून राहिला हा?" ती म्हणाली.

त्या संगणकात लिनक्स होते. म्हणजे कुणालाही फुकट मिळणारी, उघडून बघता आणि बदलता येणारी प्रणाली. संगणकाच्या पोटात नेटवर्क कार्ड असते. वाय-फाय काय म्हणते ते त्याला ऐकू येते. पण त्याची भाषा संगणकाला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तोच ड्रायव्हर. या घरातला दुभाष्या कुठे हरवला होता, ते दामिनीला काही केल्या उमगत नव्हते.

चार वाजता आईची परीक्षा होती. साडीच्या दुकानातले काम सुटल्यावर तिने, म्हणजे प्रेमिलाबाईंनी, घरबसल्या हिशेब लिहिण्याच्या कामासाठी अर्ज केला होता. परीक्षा संगणकावरच द्यायची. या बोळात मोबाईलला धड रेंज नाही, आणि संगणकात इंटरनेटची वायर खोचायची जागा कधीचीच मोडलेली. वाय-फाय लागले नाही तर परीक्षा गेली. मग पुढच्या महिन्यापासून दूर बुटीबोरीच्या कारखान्यात पहाटेची पाळी. आई पोरांच्या आधी उठून जाणार आणि अंधार पडल्यावर येणार.

म्हणून दामिनीने काल शाळेतल्या मिनल मॅडमकडून पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणला होता. मॅडमनी बजावले होते, "या कार्डाला दोन ड्रायव्हर चालतात, पण एकदम नाही. दोघे ओढाताण करतात. एक ठेव, दुसऱ्यावर बंदी घाल." दामिनीने सकाळी शाळेत जायच्या आधी तसेच करून बंदीची फाइल लिहिली होती, पण संगणक पुन्हा चालू करून बघायला वेळ उरला नव्हता. अक्षर न अक्षर तपासले होते. मग चुकले कुठे?

जिन्यात पावले वाजली. तिचा मोठा भाऊ रजत आत आला. त्याने दामिनीकडे पाहिले नाही; परीक्षेचे पुस्तक घेऊन बसलेल्या आईला तो म्हणाला, "आई, इले सांग, माही चप्पल पायाखालून काढ म्हणा."

"आई, त्याले सांग, डोळे असतील तर घेऊन जा म्हणा."

"तुम्ही दोघं मिळून मले पोस्टमन करून टाकलं," आई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

संक्रांतीपासून हे चालले होते. गच्चीवर दामिनीने रजतच्या पतंगाच्या दोऱ्याची चक्री धरली होती. ती सुटली, मांजा गुंतला आणि रजतचा पतंग कटला. विक्की आणि सगळे मित्र हसले. रजत भडकून म्हणाला, "इले काहीच जमत नाही!" त्या दिवसापासून दामिनीने त्याला दादा म्हणून हाक मारली नव्हती. आज वाय-फाय लावून दाखवायचे, आणि कुणाला काय जमते ते आईच्या तोंडून त्याला ऐकवायचे, असे तिने मनाशी पक्के केले होते.

रजत चप्पल घेऊन खाली गेला. तिने पुन्हा सगळे पहिल्यापासून केले. संगणक कुरकुरत उठला. कोपरा रिकामाच.

"राहू दे वं पोरी," आई हळूच म्हणाली. तिने पुस्तक मिटले. "सकाळी तू शाळेत गेली होती तेव्हा रजतनंही लय डोकं लावलं. त्या विक्कीकडून दुसरा ड्रायव्हर आणला, पहिल्यावाल्यावर बंदी घातली म्हणे. त्याच्यानंही नाही झालं."

दामिनीचे बोट कळफलकावरच थांबले.

"पहिल्यावाल्यावर?"

"असं म्हणत होता. मले काय समजते त्यातलं."

बंदीच्या फाइली जिथे असतात ते फोल्डर तिने उघडले. तिची फाइल होती. तिच्याखाली आणखी एक होती. तिच्या फाइलने रजतच्या ड्रायव्हरला अडवले होते. रजतच्या फाइलने तिच्या ड्रायव्हरला. दोघेही बरोबर होते. संगणकाने दोघांचेही ऐकले होते, आणि कुणालाच आत घेतले नव्हते.

आता कोणतीही एक बंदी उठवली की काम होणार होते. रजतची फाइल काढायची, की तिचा ड्रायव्हर चालू. एक बटण दाबायचा अवकाश.

दामिनीने माउसचा बाण रजतच्या फाइलीवर नेला. मग तिने स्वतःची फाइल काढून टाकली.

संगणक बंद झाला, पुन्हा चालू झाला. कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली.

"आलं!" आई उठून उभी राहिली. तिने दामिनीच्या पाठीवर थाप मारली. "जमलं की वं तुले! थांब, आता त्याले सांगतोच मी, पाह्य म्हणा पोरीनं कसं केलं."

"तू नको सांगू."

"काहून?"

दामिनीने खिडकीत जाऊन अर्धे अंग बाहेर काढले. खाली टेम्पो अजून अडकलेलाच होता. त्याच्या हॉर्नवर आवाज चढवून ती ओरडली, "दादा! वर ये! तुहा ड्रायव्हर चालून राहिला!"