खोकल्यावरचा काढा

साध्या खोकल्याने सुरुवात झाली आणि मग थुंकीतून रक्त पडू लागलं. टीबी समजून आठ महिने मूठमूठभर गोळ्या गिळून झाल्या, पण गुण काडीचा नाही. शेवटी फुप्फुसाचा तुकडाच काढायचं ठरलं. खाटेवर बसून तो संमतीच्या कागदावर सही करणार, तेवढ्यात डॉक्टरबाई धावतच आल्या.

"थांबा! हा टीबी नाहीच. फुप्फुसात कृमी आहेत तुमच्या. थुंकीत अंडी सापडलीत. कच्च्या खेकड्यातून जातात ते पोटात. खरं सांगा, कधी खाल्लात?"

"मी? अहो, खेकडा नुसता बघितला तरी अंगावर काटा येतो माझ्या."

"आमच्याकडे खेकडा शिजतच नाही, डॉक्टर," बायकोने दुजोरा दिला.

उशाशी बसलेली आई बाटलीतला काढा पेल्यात ओतत होती. पहिल्या खोकल्यापासून एकही दिवस तिने तो चुकवला नव्हता. तिचा हात तसाच थांबला.

 

"शिजवायचा नसतोच तो," ती पुटपुटली. "काढा गार झाला की कच्चाच ठेचून त्यात रस पिळायचा... खोकल्याला रामबाण असतो म्हणतात."