कंसातली ताकीद

प्रेमिलाला साहेब म्हणायचे, "संगणकाला आज्ञा द्या, कीर्तन कशाला?" पण कारण लिहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, फोर्थ या संगणकीय भाषेतल्या प्रत्येक आज्ञेशेजारी कंसात मराठी टिपण घालायची. कंसातलं संगणक वाचत नाही, माणसं वाचतात. आज नवा प्रोग्राम चढवताच संत्रारसाच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या यंत्राचा ठोकळा धाडकन आदळला. यंत्र पुसणाऱ्या रुपरावांनी हात नुकताच काढला होता. फडकं आतच अडकलं. "ताई, काहून पडला हा? तुमी तर 'दाब' म्हटलंच नाई," ते पुटपुटले. तिने टिपण शोधलं: "(हात आत असताना (कोणाचाही) दाब नको)". आतला कंस मिटताच टिपण संपल्याचं समजून संगणकाने 'दाब' ही आज्ञा पाळली. पुढचा शब्द त्याला ठाऊक नव्हता; पडद्यावर लुकलुकत होतं, "नको?" फडकं सोडवण्याआधी तिने संगणकाला तो शब्द शिकवला: 'नको' म्हणजे थांब.