लाल डबा की हिरवा

"लाल डबाच घे," मार्लिस म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

ऑर्विल ल्युंड लाल डब्याकडेच निघाला होता. तो थबकला. लायलच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या भिंतीशी बंदुकीच्या दारूचे डबे ओळीने मांडलेले होते, आणि शेजारी पिस्तूल क्लबातली म्हातारी मंडळी फुकटची कॉफी ढोसत बसली होती. मॉन्टानातल्या त्या गावात याहून चांगली करमणूक नव्हती.

बायकोने सुचवलेली गोष्ट ऑर्विलने आजवर पहिल्या झटक्यात कधी मान्य केलेली नव्हती. मार्लिसची सगळी भिस्त त्याच्या याच स्वभावावर होती. या माणसाला पूर्वेला न्यायचं असेल तर पश्चिमेला ढकलावं लागतं, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. आजही ते जमणार याबद्दल तिला शंका नव्हती.

ऑर्विल विकतची काडतुसं वापरत नसे. नेमबाजी आटोपली की वाकून वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा करायचा, आपल्याच नव्हे तर इतरांच्याही. मग गॅरेजमध्ये बसून एकेका पुंगळीत मापाने दारू भरायची आणि वरून शिशाची गोळी दाबायची. लाल डब्यातली दारू जहाल, चिमूटभर पुरायची, म्हणून डबा पुरवून पुरवून वापरता यायचा. हिरव्या डब्यातली लाह्यांसारखी फुगीर. एका मापात पुंगळी अर्ध्याच्या वर भरायची आणि तेवढ्याच किमतीचा डबा बघता बघता तळाला जायचा.

पण लाल दारूची एकाऐवजी दोन मापं पडली तरी ती पुंगळीत गुपचूप मावतात. तसं काडतूस पिस्तुलात गेलं की पिस्तूल हातातच फुटतं. हिरवीचं दुसरं माप मावत नाही, टेबलावर सांडतं.

आणि ऑर्विल हल्ली विसरत होता. सकाळी कुत्र्याला खायला घालायचा, हात धुवायचा, परत यायचा आणि पुन्हा घालायचा. कुत्रा गुटगुटीत झाला होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. पिस्तुलाने मात्र ते चालवून घेतलं नसतं. 'आता बंद कर' असं सांगायला मार्लिसची जीभ रेटत नव्हती, कारण क्लब सुटला तर हा माणूस दिवसभर खिडकीत बसून राहील हे तिला दिसत होतं. तिला त्याच्या उजव्या हाताची काळजी होती, आणि या मंडळींसमोर त्याची शोभा होऊ नये याचीही तेवढीच.

"लालच घेणार तो," लायल गल्ल्यावरून म्हणाला. "आपल्या तालुक्यातला एक नंबरचा चिक्कू आहे. वहिनी, तुम्ही कशाला तोंड शिणवता?"

"नाही, मीच सांगतेय," मार्लिस म्हणाली. "किती कमी लागते बघा ना. एका पुंगळीत दोन मापं पडली तरी वर जागा उरते. याहून स्वस्त काय असणार?"

कॉफी पिणाऱ्यांपैकी एकाने मान डोलावली. ऑर्विलने मात्र बायकोकडे वळून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तिला नंतर वाटलं.

"तुला काय कळतंय यातलं?" तो म्हणाला. "लालने पिस्तुलाची नळी किती काळी होते माहीत आहे? साफ करता करता माझी कंबर जाते. लायल, हिरवा डबा काढ."

दुकानात क्षणभर कुणी कप उचलला नाही.

"ऑर्विल, बरा आहेस ना?" लायलने विचारलं. "निम्म्यात संपेल तो."

"संपला की दुसरा घेईन. तुझ्या पोटावर पाय येतोय का?"

मंडळी खदखदून हसली. मार्लिसने तोंड वाकडं केलं, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हरलेल्या बाईसारखी दाराकडे चालू लागली. आतून तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

पिकअपमध्ये बसल्यावर ऑर्विलने डबा तिच्या मांडीवर ठेवला. चावी फिरवली नाही. समोर धान्याच्या कोठारावर कबुतरं बसली होती, त्यांच्याकडे बघत राहिला.

"नळी लालने काळी होत नाही," तो म्हणाला.

मार्लिसने मांडीवरचा डबा सरळ केला.

"दुसरं माप पडलं की ही सांडेल. एवढं चांगलं केलंस." त्याने हनुवटी खाजवली. "पण सांडलेलं माझ्या ध्यानात यायला हवं ना. झटकून टाकीन आणि पुढे जाईन. रविवारी खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये ये. माझ्या शेजारी बस."

मार्लिस नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि काय करू?"

"काही नाही. नुसती बघत राहा. बडबड मात्र करायची नाही, माझं मोजणं चुकतं."

"बडबड करणार," मार्लिस म्हणाली. "प्रत्येक पुंगळीला मोठ्याने ओरडणार, 'पडलं' म्हणून."