कारखानीसांची किल्ली

अवधूत कारखानीसांनी नव्या रायफलीचा बोल्ट मागे खेचून काढला, नळी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. नळी लख्ख होती. तरी सळीला तेलाची चिंधी लावून त्यांनी ती तिसऱ्यांदा पुसली. हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल दिल्यावर माणूस एकदाच तपासून कशावरही विश्वास ठेवत नाही.

अकरा वाजता पोलिसांच्या फायरआर्म्स विभागाचे मिस्टर प्राइस यायचे होते. पाच वर्षांचं सर्टिफिकेट संपत आलं होतं. ते रिन्यू झालं नाही तर आठवड्यापूर्वी घेतलेली ही रायफल हातची जाणार, आणि पुढच्या महिन्यातली स्कॉटलंडची हरणांची शिकारही बोंबलणार.

नियम साधा होता. रायफल लोखंडी कपाटात, आणि किल्ली कुठे आहे ते फक्त सर्टिफिकेटवाल्याला ठाऊक. बायकोलासुद्धा नाही. कारखानीसांना हा नियम मनापासून आवडे. कार्डिफच्या त्या घरात त्यांच्या मालकीचं असं एवढं एकच गुपित होतं. किल्ली गोल्फच्या जुन्या बुटात असे, आणि त्या बुटांच्या वासाने मधुमतीबाई तिकडे फिरकत नसत.

आज सकाळी कुलूप जरा कुरकुरलं होतं. किल्ली फिरवली तरी दार हलेना. उलटी फिरवली तेव्हा कुठे उघडलं. थंडीने लोखंड आखडतं, असं म्हणून त्यांनी त्यातही दोन थेंब तेल सोडलं.

मग त्यांनी रायफल उलटी केली आणि हात थबकला. लाकडी दस्त्यावर लाल ठिपका होता. गंज म्हणावा, तर लाकडाला गंज चढत नाही.

काल खंडेनवमी. गाडीला, लॅपटॉपला, डिशवॉशरला हळदकुंकू वाहिलेलं पाहून ते हसले होते. आता हसू येईना.

"मधू, रायफलीला तू हात लावलास?"

"हात कशाला लावू? कुंकू वाहिलं नुसतं." मधुमतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "घरात खरंखुरं शस्त्र असताना मिक्सरची पूजा करायची, बरं दिसतं का ते?"

दारावरची बेल वाजली.

"हे बघ," कारखानीस ठिपका पुसत कुजबुजले, "त्यांनी विचारलं तर सांग, किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही."

"अहो, पण..."

"पणबिण काही नाही. जास्त बोलू नकोस."

मिस्टर प्राइसनी भिंतीतले बोल्ट हलवून पाहिले, कुलूप लावून पाहिलं, दोन शंकरपाळे खाल्ले. मग इंग्रजीत हळूच विचारलं, "मिसेस कारखानीस, कपाटाची किल्ली कुठे असते?"

"मला अजिबात माहीत नाही."

कारखानीस बघतच राहिले. पाहुण्यांसमोर विकतची चकली घरची म्हणून जिला खपवता येत नाही अशी ही बाई, आणि पोलिसांसमोर डोळ्याची पापणीही हलली नाही. त्यांना बायकोचं इतकं कौतुक लग्नातही वाटलं नव्हतं.

प्राइसनी फॉर्मवर खूण केली. नंबर ताडून पाहायला रायफल उचलली. दस्त्याच्या नक्षीतून त्यांनी नखाने काहीतरी काढलं.

"हा तांदूळ आहे का?"

कारखानीसांनी घाईने शंकरपाळ्यांची बशी पुढे सरकवली. मधुमतीबाईंनी मात्र खंडेनवमी, शस्त्रपूजा आणि अक्षता असं सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. प्राइस अगदी आदराने ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"म्हणजे कपाट तुम्ही उघडलंत. आणि किल्ली कुठे असते ते तुम्हाला माहीत नाही?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून मधुमतीबाईंना राहवलं नाही. खोटेपणाचा आळ त्या बिचाऱ्यावर का यावा?

"किल्लीची जागा हे कुणालाही सांगत नाहीत, अगदी मलाही नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "आणि मला ती लागलीच नाही. रायफल आणल्या दिवसापासून कपाट नुसतं लोटलेलंच आहे."