लुदरचंदची बाही

लुदरचंदचा उजवा हात खाटेवरून खाली लोंबला, तशी मघीने क्रोशाची सुई बाजूला ठेवली. अंगणातल्या उन्हात तो चांगला घोरत होता. ती सरकत त्याच्याजवळ गेली, त्याच्या मनगटाशी स्वेटरची शेवटची गाठ नखाने चाचपली आणि कात्रीने हलकेच कापली. धागा सुटला.

मघी बाह्या नेहमी खांद्याकडून खाली विणायची. मनगटं आधी झिजतात, मग तेवढीच उसवून पुन्हा विणता येतात. तिच्या घरात लोकर कधी मरत नसे. स्वेटरचे मोजे होत, मोज्यांची किटलीला टोपी होई आणि टोपी करपली की तिचं गरम भांडं धरायचं फडकं. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालरीचा फ्रॉक होता. आपण एका जागी फार वेळ बसलो तर ही बाई आपल्यालाही खोळ घालेल, असं तिचा नवरा लुदरचंद गावभर सांगत असे.

पण आजचं काम काटकसरीचं नव्हतं. या घरात सून आली की घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या लोकरीचा एकेक चौकोन जोडून तिला पांघरूण द्यायचं, अशी रीत होती. मघीलाही तसं मिळालं होतं. मुलाच्या, टिकमच्या, शाळेच्या स्वेटरचा निळा चौकोन झाला होता, नणंदेच्या मोज्यांचा लाल, खुद्द मघीच्या शालीचा हिरवा. मधला चौकोन सासऱ्याचा, म्हणजे लुदरचंदचा. तिथे अजून हातभर भोक होतं.

"माझा एक धागा त्यात लागणार नाही," लुदरचंदने परवाच बजावलं होतं. "बापाला न विचारता कोर्टात जाऊन लग्न केलं ना त्याने? मग त्याच्या बायकोला बापाची लोकर कशाला हवी?"

आणि संध्याकाळच्या बसने टिकम त्या बंगाली मुलीला घेऊन पहिल्यांदा घरी येत होता. भोक पडलेलं पांघरूण सुनेच्या हातात द्यायचं कोणत्या तोंडाने? सासऱ्याच्या मनात काय आहे, ते पोरीला न सांगता कळलं असतं. मघीला त्या विचाराने दोन रात्री झोप नव्हती.

बाही गोल विणलेली. म्हणून प्रत्येक फेरीला लोकरीचा गोळा नवऱ्याच्या हाताभोवती फिरवून घ्यावा लागत होता. शेजारची सौणी भिंतीवरून वाकून बघत राहिली.

"भाभी, पिंपळाला सूत गुंडाळतेस की सोडवतेस?"

"हळू बोल बाई. पिंपळ जागा होईल."

"आणि झाला तर?"

"तर म्हणेन, उंदरांनी खाल्लं."

सौणीने तोंडात ओढणी कोंबली. गोळा लिंबाएवढा झाला, मग सफरचंदाएवढा. कोपरापर्यंत आल्यावर मात्र धागा अडला. तिथे मघीनेच कधीतरी रफू केलं होतं आणि म्हाताऱ्याचं कोपर नेमकं खाटेच्या कडेवर दाबलेलं होतं. तिने हळूच ओढून पाहिलं. जरा जोराने ओढलं. धागा हलेना. आता तुटला तर चौकोन अर्धाच राहणार.

लुदरचंदचं घोरणं थांबलं.

त्याने डोळे उघडले नाहीत. नुसतं कोपर वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. धागा मोकळा झाला. मग तो पुन्हा घोरायला लागला, पहिल्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

मघीने सौणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींना हसू आवरलं नसतं, आणि मघीला तर त्याच वेळी रडूही येत होतं. एरवी उसवलेली लोकर ती धुऊन, ओझं बांधून दोन दिवस वाळवायची. आज तिने धागा किटलीच्या वाफेवरूनच सरळ करून घेतला आणि सुई अशी चालवली की बोटं दुखायला लागली. दुपार कलता कलता मधला तपकिरी चौकोन पांघरुणात बसला.

खालच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. लुदरचंद उठला, टोपी चढवली. उजवा हात दंडापर्यंत उघडा होता, तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"कोट तरी घाला," मघी म्हणाली. समोरच्या डोंगरावर सकाळीच बर्फ पडलं होतं आणि वारा तिकडूनच येत होता.

"उशीर होतोय," म्हणत तो पायवाट उतरायला लागला. ती मागोमाग धावली.

बसमधून आधी टिकम उतरला आणि बापाला पाहून जागच्या जागी थिजला.

"उभा काय राहिलास? टपावरची पेटी उतरव," लुदरचंद म्हणाला. दसऱ्याला लग्नाचं कळल्यानंतर तो मुलाशी बोलला तो हा पहिलाच शब्द.

मागून त्याची बायको मौसुमी उतरली. डोक्यावर टोपडं, वर मफलर, त्यावर शाल, नुसते डोळे दिसत होते. ती वाकून नमस्कार करायच्या आतच लुदरचंदने उजव्या हाताने तिची बॅग घेतली. त्या उघड्या हाताकडे, त्यावर उभ्या राहिलेल्या काट्याकडे ती बघतच राहिली.

"बाबा, तुमची बाही? थंडी नाही वाजत?"

लुदरचंदने एकवार मघीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"थंडी? छे गं पोरी," तो चढाला लागत म्हणाला, "मला तर दुपारपासून नुसतं उकडतंय."