अण्णांचा आवाज

लाँचमध्ये पाय ठेवताच अण्णा कुरुंदवाडच्या बाजारात असल्यागत ओरडले, “ओ पावणं, सरका की!” अक्षताच्या सासरची कोकणी माणसं गालात हसली. लग्नानंतर अण्णा पहिल्यांदाच खाडीपलीकडं लेकीच्या घरी निघाले होते. “अण्णा, हळू बोला की,” ती शरमून कुजबुजली. अण्णांनी आवाज उतरवला. तिच्या गेलेल्या आईच्या लुगड्यांची वाकळ त्यांनी आणली होती, ते गाठोडं लाँचच्या कडेला ठेवलं. वाटेत लाँच कलली. इंजिनच्या धडधडीत अण्णा तिच्याकडं झुकून काहीतरी पुटपुटले. सासूबाई बघत होत्या, म्हणून तिनं न ऐकताच मान हलवली. धक्क्यावर उतरताना तिनं विचारलं, “वाकळ कुठाय?” “मगाशीच पाण्यात पडली की. सांगितलं तुला. मान हलवलीस. म्हटलं, जुनी हाय, नको असंल.” “मग वरडायचं न्हाय व्हय, अण्णा!” सगळ्यांदेखत ती किंचाळली. अण्णांनी पावण्यांकडं बघितलं. “हळू बोल, पोरी.”