श्वासपट्टा

श्वासपट्टा गळ्यात चढला आणि पेडणेकरांचा ऊर भात्यासारखा हलू लागला. टेबलावरचा चपट्या तोंडाचा पग जातीचा कुत्रा जसा श्वास घेईल, तसाच आता त्यांनाही घ्यावा लागणार होता. नवा कायदाच तसा होता: ज्याने असं धापा टाकणारं पिल्लू विकलं, त्यानेच त्याच्या श्वासाचं ऑपरेशन होईपर्यंत पट्टा घालायचा.

डॉ. वृंदा गवाणकर सावकाश हात धूत होत्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी याच माणसाकडून आपला पग, चिकू, घेतला होता. चिकू धापा टाकतो म्हणून विचारायला गेल्या, तेव्हा हा हसून म्हणाला होता, "अहो मॅडम, पग घोरतो तेच तर गोड दिसतं!" त्याच वर्षी मे महिन्यात चिकू भरदुपारी जिन्यात गुदमरून गेला.

"मॅडम... लवकर करा," पेडणेकर घरघरत म्हणाले.

"हात पाच मिनिटं धुवायचे असतात. नियम आहे." नळ वाहतच राहिला. "आणि तुम्ही घोरताय किती गोड!"

ऑपरेशनमध्ये मात्र त्यांचा हात जराही चुकला नाही. नाकपुड्या रुंद झाल्या, टाळूमागचं लोंबतं मांस निघालं. शुद्धीवर आलेला पग पोटभर श्वास घेऊ लागला, तसं पेडणेकरांच्याही छातीत वारं शिरलं. त्यांना रडूच फुटलं. "सुटलो एकदाचा," म्हणत त्यांनी पट्ट्याला हात घातला.

"राहू द्या तो," म्हणत वृंदाताईंनी दार उघडलं. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक चपटं तोंड घरघरत होतं.

"सगळी तुमचीच पिल्लं, पेडणेकर. चला, पुढचं आत आणा."